बाई कोपल्या नाहीत

१

सर खुर्चीतच गेले. सकाळी झाडूवालीनं मागच्या खोलीचं दार ढकललं तेव्हा ते टेबलापाशी मान टाकून बसले होते, एखादा शब्द अडला की बसायचे तसे. तिनं दोनदा हाक मारली आणि मग जी बोंब ठोकली ती खालच्या चपलांच्या दुकानापर्यंत ऐकू गेली. डॉक्टरांनी सांगितलं, झोपेचं औषध. रोज मोजके थेंब घ्यायचे, त्याची अख्खी बाटली पोटात गेलेली. पोलिसांनी खोलीला सील ठोकलं, कचेरीतल्या कोणालाही आत पाऊल टाकू दिलं नाही, आणि आठवडा उलटायच्या आत सरांच्या जावयाला उचललं.

ही कचेरी भाषांतराची. इंग्रजीचं स्पॅनिश करून देणारी गावात दुसरी नव्हती. यंत्रांच्या माहितीपुस्तिका, जहाजांचे करार, आजाऱ्यांचे कागद, सगळं तिथे यायचं. सर मालक, बऱ्याचदा रात्री मागच्या खोलीतच झोपणारे, जावई हिशेब आणि कॉम्प्युटर बघणारा, आणि हाताखाली तीन भाषांतरकार. त्यांतली सर्वांत जुनी म्हणजे फौजदारांची धाकटी बहीण. कचेरीत तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत आणि घरी फौजदार 'बेबी' म्हणत. साठीला टेकलेल्या बाईला बेबी म्हणणारा जगात आता एकच माणूस शिल्लक होता.

फौजदारांचंही तसंच. पोलिसातली नोकरी संपली, बायको गेली, गुडघे गेले. नाव तेवढं चिकटून राहिलं. दोघं भावंडं एका छपराखाली राहत. बेबीनं लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायची, "केलंय की, डिक्शनरीशी." ते खोटंही नव्हतं. सर आणि ती मिळून तरुणपणापासून एक शब्दकोश रचत होती. इंग्रजीत एका शब्दाला अनेक अर्थ, मग कुठे कोणता स्पॅनिश शब्द घ्यायचा, याचा कोश. एकेका अर्थाचं एकेक कार्ड. कार्डांनी कपाटंच्या कपाटं भरली होती.

जावयाला उचलल्यावर चार दिवसांनी ती दुपारी लवकर घरी आली. चहा केला, भावापुढे ठेवला, स्वतःचा तसाच निवू दिला.

"दादा, तू जरा बघ ना."

"काय बघू?"

"जावई कबुली देणार म्हणतायत. सोमवारी कोर्टात उभं करणार. त्यानं नाही केलेलं."

"तुला काय माहीत?"

"पितो तो. बडबडतो. पण त्याच्यात तेवढा दम नाही." तिनं कपाची कड बोटानं पुसली. "घरी दोन पोरं आहेत त्याची. काही न करता आत जाईल रे."

फौजदारांनी आयुष्यभर बहिणीचा शब्द मोडला नव्हता, कारण मोडायची सोयच नव्हती. शब्दाच्या बाबतीत ती नाकावर माशी बसू द्यायची नाही. एकदा एका औषधाच्या चिठ्ठीतल्या एका शब्दावरून तिनं सरांशी तीन दिवस अबोला धरला होता, आणि चौथ्या दिवशी सरांनी शब्द बदलला होता. आता तीच बाई हात जोडल्यासारखी बसली होती, हे बघून फौजदारांना गलबलून आलं. त्यांनी काठी घेतली, चपला घातल्या आणि ठाण्याची वाट धरली.

२

ठाण्याचा साहेब एकेकाळी फौजदारांच्या हाताखाली शिकलेला. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, पण चेहऱ्यावर 'कशाला आलात' हे स्पष्ट लिहिलेलं होतं.

"उघड केस आहे, फौजदारसाहेब. सासऱ्याशी संध्याकाळी कडाक्याचं भांडण झालं. चपलांच्या दुकानदारानं ऐकलं. औषध दर महिन्याला हाच आणायचा, बाटलीवर ह्याचेच ठसे. आणि रात्रभर कुठे होतास विचारलं तर म्हणतो, आठवत नाही."

"आणखी कोणाचे ठसे?"

"सरांचे. बाटली चिकट असायची म्हणून कचेरीतली माणसं ती रुमालानं धरायची म्हणतात. ज्यानं धरली नाही तो सापडला."

"भांडण कशावरून?"

"ते त्यालाच विचारा. सांगेल. सगळं सांगतो तो. एवढं कबूल करणारा आरोपी मी बघितला नाही."

जावई कोठडीत भिंतीला पाठ लावून बसला होता. दाढी वाढलेली, हात थरथरणारे. दारू तुटली की माणसाचं जे होतं ते त्याचं झालं होतं. फौजदारांनी स्वतःची ओळख सांगितली, बाईंचा भाऊ म्हणून. ते ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाईंनी पाठवलं? त्यांना एकट्यांनाच माझं पडलंय. बायको भेटायला येत नाही."

"भांडलास कशावरून?"

"सर कचेरी बंद करणार होते, काका. ती कपाटं, सगळी कार्डं, एका कंपनीला देऊन टाकली. ते म्हणे मशीनला खाऊ घालणार. मग मशीनच भाषांतर करणार. मी म्हणालो, मला आधी सांगायचं होतंत, माझ्या पोरांनी काय करायचं? ते म्हणाले, तू आधी शुद्धीवर ये. मग मी जाऊन प्यायलो."

"परत कचेरीत आलास?"

"माहीत नाही."

"औषध घातलंस?"

जावयानं स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"आधी वाटायचं नाही घातलं. पण रोज विचारतात ना, मग दिसायला लागतं. बाटली दिसते. हात दिसतो." त्यानं मान वर केली. "मीच केलं असेल, काका. नाहीतर दुसरं कोण करणार?"

३

कचेरीत शिरल्यावर फौजदारांच्या नाकात जुन्या कार्डांचा वास गेला. पुढच्या खोलीत तीन टेबलं, भिंतीला ती कपाटं. त्यांच्यावर कंपनीच्या चिठ्ठ्या आधीच डकवलेल्या. मागच्या खोलीच्या दाराला लाखेचं सील. बाईंचं टेबल रिकामं होतं. त्या घरी होत्या. बाकीचे दोघे काम नसल्यामुळे काम करत असल्यासारखे बसले होते.

एक मास्तर. शाळेतून निवृत्त होऊन इथे आलेले, कायम सर्दी झालेले. दुसरे वकील. हे वकिलीच्या परीक्षेला तीनदा बसले आणि तीनदा उठले, पण करारांचं भाषांतर करता करता पदवी आपोआप चिकटली. तोंडाचा पट्टा मात्र अस्सल वकिलाचा.

"आमच्यावर संशय घ्या, खुशाल घ्या," वकील म्हणाले. "कपाटं विकल्याचं कळलं तेव्हा मी सरांना म्हणालो होतो, तुमचं वाटोळं होईल. सगळ्यांसमोर म्हणालो."

"कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी," मास्तर नाक पुसत म्हणाले. "म्हणजे सर गेल्यावर. कंपनीची माणसं आली चिठ्ठ्या लावायला तेव्हा."

"मग सरांना कसं म्हणालात?"

वकील जरा वरमले. "फोटोला म्हणालो."

फौजदारांना हसू आलं, आणि लगेच वाईटही वाटलं. या माणसांना रागसुद्धा वेळेवर आला नव्हता. त्या संध्याकाळी वकील दाताच्या डॉक्टरकडे होते, मास्तर नातीला घेऊन दवाखान्यात. दोघांचेही साक्षीदार होते, आणि दोघेही असे की ढेकूण मारायचा तरी दुसऱ्याला बोलावतील.

"आणि बेबी... बाई?"

"त्या नेहमी शेवटी निघायच्या. त्या दिवशी पण. पण सरांना तेव्हा सोबत नको होती म्हणे, त्यांनीच घरी पाठवलं." वकील खुर्ची ओढून जवळ आले. "बाईंचं मात्र विचारू नका. फार मनाला लावून घेतलंय त्यांनी. त्यांच्या हातून चक्क घोडचूक झाली, मी माझ्या कानांनी ऐकली."

"कसली चूक?"

"सरांचा नियम होता बघा. दोन हात, एक कान. कागद आला की दोघांनी वेगवेगळ्या जागी बसून भाषांतर करायचं, एकमेकांचं बघायचं नाही. मग दोघांनी मोठ्यानं वाचायचं आणि तिसऱ्यानं ऐकायचं. जिथे शब्द जुळत नाही तिथे भांडायचं. तर सर गेल्यावर दोन दिवसांनी पोलिसांचा इंग्रजी अहवाल आमच्याकडेच आला, स्पॅनिश करायला. सरांची थोरली मुलगी तिकडे, स्पॅनिशवाल्यांच्या देशात दिलेली आहे ना, तिथल्या ऑफिसाला हवा होता. आता गावात दुसरं कोण करणार? आमच्याच माणसाचं मढं आम्हीच भाषांतरायचं!"

मास्तरांनी पुन्हा नाक पुसलं. या वेळी सर्दी नव्हती.

"हात मास्तरांचा आणि बाईंचा, कान माझा," वकील सांगत राहिले. "एक वाक्य होतं: ब्रोकन ग्लासेस वेअर फाउंड निअर द चेअर. बस्स, एवढंच. खुर्चीजवळ फुटके ग्लासेस सापडले. आता ग्लासेस म्हणजे काय?"

"चष्मा," फौजदार म्हणाले.

"चष्मा! शेंबडं पोरही सांगेल. सरांचा चष्मा म्हणजे सोडावॉटरच्या बाटलीचं बूड, त्याच्याशिवाय त्यांना स्वतःचा हात दिसायचा नाही. मास्तरांनी लिहिलं गाफास. म्हणजे चष्मा. आणि बाईंनी वाचलं, कोपास!"

"म्हणजे?"

"म्हणजे उंच दांडीचे पेले असतात ना, मोठ्या हॉटेलात, टिचकी मारली की वाजणारे, ते. साध्या पेल्याला स्पॅनिशमध्ये बासो म्हणतात आणि दांडीच्या पेल्याला कोपा. एकाहून जास्त असले की शेवटी स लागतो, कोपास. अहो, सरांच्या खोलीत काचेचं भांडं म्हणून नव्हतं. पाणी स्टीलच्या पेल्यातून, चहासुद्धा स्टीलच्या पेल्यातून. काच वाजलेली त्यांना खपत नसे. तिथे दांडीचे पेले कुठून येणार, आकाशातून? मी म्हणालो, बाई, हे काय?"

"मग भांडण झालं असेल."

"तेच तर!" वकिलांनी मांडीवर थाप मारली. "मी कंबर कसून बसलो होतो. आता दुपार गेली म्हटलं. तर बाई म्हणाल्या, बरोबर आहे, गाफास करा. संपलं. मी मास्तरांना म्हणालो सुद्धा, बघा, कोपा लिहिलं, पण बाई कोपल्या नाहीत!"

मास्तर केविलवाणे हसले. फौजदारही हसले. विनोद चांगला होता. जिना उतरताना मात्र त्यांचं हसू मधल्या पायरीवर थांबलं. बेबीनं वाद न घालता शब्द सोडला, हे त्यांना साठ वर्षांत कधी आठवेना.

४

साहेबानं कुरकुर करत मुद्देमालाचं खोकं काढलं. "तुम्ही म्हणता म्हणून हं साहेब. वरवर बघा, हात लावू नका."

आधी कोट निघाला. सरांचा तपकिरी कोट, कोपरावर ठिगळ असलेला.

"दाराच्या मागे खुंटीला होता," साहेब म्हणाला. "आणि हा त्याच्या आतल्या खिशात."

त्यानं प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. आत चष्मा होता. जाड, जड, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा. दोन्ही काचा धडधाकट.

फौजदार पिशवीवर वाकले. "हा फुटला नाही?"

"कशाला फुटेल?"

"मग अहवालात ग्लासेस..."

"ते हे." दुसऱ्या पिशवीत काचेचे तुकडे होते, पातळ, आणि त्यांच्यात दोन उभ्या दांड्या, गोल तळांसकट. "वाइनचे. थोरल्या मुलीनं पाठवलेले. सांडलेल्या वाइनमध्ये पडून ठसे गेले त्यांच्यावरचे. पार्सल त्याच दिवशी सरांच्या घरी आलं आणि सर ते न उघडताच पिशवीत घालून कचेरीत घेऊन गेले. बरोबर बाटली पण. सासरा-जावई बसले असणार. औषध वाइनमध्ये घातलेलं, सरांच्या डोळ्यांवर चष्मा नाही, काय दिसणार?"

"हे पेले आणखी कोणी बघितले होते?"

"कोण बघणार? मुलीनं पाठवले, सरांनी उघडले. आम्ही कोणाला सांगितलं नाही, अहवालातही वाइनचं नाव घातलं नाही, दार तर सीलबंद. का हो?"

फौजदार काठी टेकत उठले. ते पळवाट शोधत होते. नोकरीत आरोपींनी काढलेल्या पळवाटा त्यांनी बुजवल्या होत्या, आज पहिल्यांदा स्वतःसाठी एक हवी होती. समजा, चष्मा खिशात असतो हे बेबीला ठाऊक असेल. पंचवीस-तीस वर्षं शेजारी बसलेली ती, ठाऊक असणारच. म्हणून तिनं चष्मा सोडून पेला धरला. चालेल. पण मग साधा पेला धरला असता, बासो. दांडीचा का?

झाडूवालीनं सांगितलं असेल! तिनं तर सगळं डोळ्यांनी बघितलं. फौजदार दुखऱ्या गुडघ्यांनी तिच्या घरापर्यंत जवळजवळ पळत गेले. ती नळावर भांडी घासत होती.

"जमिनीवर काय पडलं होतं ते कोणाला सांगितलंस? आमच्या बाईंना सांगितलंस ना? आठव."

"काय सांगणार साहेब? पडदे ओढलेले, अंधार होता. मी दारातूनच हाक मारली, सरांचा चेहरा दिसला आणि पळाले. आत गेलेच नाही. जमिनीवर काही होतं का?"

फौजदार नळाच्या कट्ट्यावर बसले. तिनं पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. जो शब्द खोलीत न गेलेल्या माणसाला सुचूच शकत नव्हता, तो एकीलाच सुचला होता. सगळा गाव चूक शोधत फिरत होता, आणि बेबी सापडली ती तिचा शब्द बरोबर आला म्हणून.

५

ती खिडकीपाशी बसून त्यांच्या शर्टाला बटण लावत होती. ऊन अजून होतं. फौजदार समोरच्या खुर्चीत बसले. चपला काढायचं त्यांना भान राहिलं नाही, आणि तिनं त्यावरून हटकलं नाही, त्यातच सगळं आलं.

"चष्मा खिशात होता," ते म्हणाले.

सुई थांबली.

"हो," ती म्हणाली. "खाता-पिताना काढून ठेवायचे ते. वाफ धरायची काचांवर."

"बेबी, मला सांग की कोणीतरी तुला सांगितलं होतं. कोणीही. मी ऐकेन."

"कोणी नाही सांगितलं, दादा."

रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिनं दोरा दातानं तोडला, शर्टाची घडी घातली आणि मांडीवर ठेवून बोलायला लागली, कामाचं बोलावं तशी.

"त्या संध्याकाळी त्यांनी मला मागे बोलावलं. टेबलावर ते दोन पेले, बाटली. मला वाटलं, कोश छापायला निघाला. ते नेहमी म्हणायचे, शेवटचं कार्ड झालं की बाई, आपण दोघं बसू. मी कधी तोंडाला लावली नव्हती, पण घेतला पेला. म्हटलं, आजचा दिवस आहे. आणि मग ते म्हणाले, सुटलो एकदाचा. कपाटं देऊन टाकली. आता पुस्तक कोण उघडतंय? मशीनला सगळं येतं. हसत होते, दादा. मला म्हणाले, तुम्ही पण सुटलात."

"मग?"

"मग म्हणाले, माझं औषध तेवढं घाला यातच, मला चष्म्याशिवाय थेंब दिसत नाहीत." तिनं मांडीवरचा शर्ट सारखा केला. "मी रुमालानं बाटली धरली. नेहमी धरते तशी. थेंब मोजायला लागले आणि मोजायचं थांबले. ओततच राहिले. ते बोलत होते, मी ओतत होते. कडू लागतंय म्हणाले. मी म्हटलं, वाइन कडूच असते."

"आणि तिथे बसून राहिलीस?"

"त्यांच्या हातातून पेला पडेपर्यंत. मग माझा मी फोडला."

फौजदारांना वाटलं, आपण ओरडावं, किंवा रडावं. दोन्ही जमेना. त्यांना फक्त लहानपणीची बेबी आठवली, पाटीवरचं एक अक्षर वाकडं आलं म्हणून सगळी पाटी पुसणारी.

"कोपा कशाला लिहिलंस?" ते जवळजवळ रागावून म्हणाले. "गाफास लिहिलं असतंस तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं!"

"लिहिताना लक्षातच आलं नाही. वाक्य वाचलं, पेले डोळ्यांसमोर आले, हातानं लिहिलं. मोठ्यानं वाचलं तेव्हा माझं मला ऐकू आलं."

"आणि मला कशाला पाठवलंस?"

"त्या पोराला सोडवायला. मला वाटलं, तू त्याला बाहेर काढशील आणि माझ्यापर्यंत येणार नाहीस." ती पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून थोडंसं हसली. "तू हुशार आहेस हे ठाऊक होतं. किती, ते विसरले होते."

फौजदार उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. मग ते जे बोलले ते बोलताना त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. "हे कोणाला माहीत नाही. वकिलाला तो विनोद वाटतो. साहेबाला स्पॅनिश येत नाही. मी गप्प बसलो तर..."

"तर जावई सोमवारी कबुली देईल."

"तो म्हणतो, मीच केलं असेल."

"म्हणूनच." तिनं शर्ट त्यांच्या हातात दिला. "त्याला खरं वाटायला लागलंय ना? एवढं नको रे, दादा."

त्यांनी शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकला. कुंपणानं शेत खाऊ नये हे आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांना सुनावलं, त्यांना एक अख्खी संध्याकाळ त्याच विचारात काढावी लागली. बेबीनं मधल्या वेळात स्वयंपाकघरातले डबे पुसले आणि कशात काय आहे ते एकेक करून भावाला सांगितलं. चहाची पूड उजवीकडे. मीठ आणि साखर शेजारी ठेवू नकोस, तुला चष्म्याशिवाय कळत नाही. फौजदार मान हलवत होते आणि त्यांना एकही गोष्ट ऐकू येत नव्हती.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं ठाण्यात गेली. साहेबानं आधी ऐकूनच घेतलं नाही. एका शब्दावरून कोणी आत जातं का, म्हणाला. मग बाईंनी पेल्यांवरची नक्षी सांगितली, दांडीला कुठे निळी रेघ होती ते सांगितलं, आणि त्याचं पेन थांबलं. त्यानं फौजदारांकडे बघितलं. फौजदार दाराबाहेरच्या बाकाकडे बघत होते.

दुपारी जावयाला सोडलं. तो बाकावर बसून राहिला. "नक्की मी नाही?" त्यानं दोनदा विचारलं, आणि नाही म्हटल्यावर त्याला आनंद झालेला कोणाला दिसला नाही. बायको त्याला न्यायला आली, ती सरांची धाकटी लेक. जाताना ती बाईंसमोर थांबली.

"बाबा घरी आले की आधी तुमचं सांगायचे," ती म्हणाली. "आईच्या आधी, माझ्या आधी. आज बाईंनी हा शब्द काढला, आज बाईंनी तो काढला." नवऱ्याचा दंड धरून ती त्याला घेऊन गेली. तो वाटेतल्या गुत्त्याकडे बघत होता, हे फौजदारांना खिडकीतून दिसलं.

वकील धापा टाकत आले ते त्यानंतर. जावई सुटल्याची बातमी कोणीतरी त्यांना दिली होती, बाकी काही नाही.

"बाई, तुम्ही इथे? बरं झालं, मोकळा झाला बिचारा! तुम्ही फौजदारांना गळ घातलीत म्हणून. मी सकाळी फोन करणार होतो, पण कंपनीचा ट्रक आला. कपाटं नेली हो सगळी. तुमचं टेबलसुद्धा चुकून चढवत होते, मी उतरवून घेतलं."

"वकील," बाई म्हणाल्या, "त्या अहवालात एक चूक राहून गेलीय. आपण तिकडे पाठवला ना, त्यात. थोरलीला चुकीचा कागद गेलाय."

"चूक? आपल्याकडून?"

"गाफास खोडा. तिथे कोपास हवं. दुरुस्त करून आजच पाठवा."

वकिलांनी सवयीनं तोंड उघडलं. "अहो पण बाई, त्याच्यावरून तर आपण... तुम्हीच तेव्हा लगेच..." आणि मग त्यांचा आवाज खाली आला. कान होते ते, ऐकायची सवय होती. त्यांनी बाईंकडे बघितलं, बाईंच्या शेजारी उभ्या असलेल्या महिला पोलिसाकडे बघितलं, मग फौजदारांकडे. फौजदारांनी मान खाली घातली.

"पण हे तुम्हाला..." वकील म्हणाले, आणि वाक्य अर्धं टाकून बाकावर बसले. त्यांनी खिशातून पेन काढलं, कागद नव्हता म्हणून तळहातावरच लिहायला लागले.

बाई वाकून बघत होत्या.

"शेवटचा स विसरलात," त्या म्हणाल्या. "दोन होते."